अंकल जोची खुर्ची

एका मतदाराने आपल्या खासदाराला पत्र लिहून अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या नियमांचे पुस्तक मागवले. खासदाराने उलट टपाली सभापती जोसेफ कॅनन यांचा फोटो पाठवून दिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वॉशिंग्टनमध्ये हा किस्सा चवीने सांगितला जाई. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. कोणते विधेयक सभागृहापुढे यायचे, त्यावर कोणी बोलायचे, कोणत्या समितीवर कोणाची वर्णी लागायची, हे खरोखरच या एका माणसाच्या मर्जीवर होते.

19 मार्च 1910 रोजी याच माणसाने भर सभागृहात सांगितले की, मला या खुर्चीवरून काढण्याचा ठराव कोणाला आणायचा असेल तर त्याने खुशाल आणावा, मी तो मतास टाकतो. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाने ठराव आणला आणि तो हरला. खुर्ची वाचवली ती ज्यांनी दोन दिवस खपून कॅनन यांचे पंख छाटले होते, त्याच बंडखोरांनी.

कॅनन यांचा जन्म 1836 सालचा, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका क्वेकर कुटुंबातला. पुढे कुटुंब इंडियानात गेले. वडील डॉक्टर होते. रोग्याला पाहायला निघालेले असताना ओढा ओलांडताना ते बुडाले, तेव्हा जो पंधरा वर्षांचा होता. दुकानात राबून तो शिकला, वकील झाला, इलिनॉयमध्ये स्थायिक झाला आणि 1872 साली प्रतिनिधिगृहावर निवडून आला. मधली एक पराभवाची खोट सोडली तर पुढची तीसेक वर्षे तो तिथून हललाच नाही. 1903 साली रिपब्लिकन पक्षाने त्यांना सभापती केले. अंगकाठी किरकोळ, हनुवटीवर पांढरी दाढी, दातांत सिगार, जिभेवर शिव्या, संध्याकाळी पत्त्यांचा डाव. सगळे त्यांना ‘अंकल जो’ म्हणत. वैयक्तिक पातळीवर त्यांचा राग करणारे विरोधकांतही थोडेच होते, आणि पुढच्या हकिकतीत या गोष्टीचा वाटा आहे.

मराठी वाचकाने इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आपल्याकडे सभापती म्हटले की गणेश वासुदेव मावळंकर आठवतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावच्या घराण्यातले, अहमदाबादेत स्थायिक झालेले हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्याविरुद्धही 1954च्या डिसेंबरात ठराव आला होता. आक्षेप होता तो त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल, आणि ठराव फेटाळला गेला. अमेरिकेत सभापतीने निःपक्षपाती असावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. तो बहुमतवाल्या पक्षाचा उघड पुढारी असतो. शिवाय भारतीय राज्यघटनेच्या कलम 94 मध्ये अध्यक्षाला हटवण्याची रीत लिहिलेली आहे, चौदा दिवसांची नोटीस वगैरे. अमेरिकी घटनेत एवढेच आहे की प्रतिनिधिगृह आपला सभापती निवडेल. निवडलेला काढायचा कसा, यावर ती गप्प आहे.

कॅनन यांच्या हातात आलेली सत्ता त्यांनी निर्माण केलेली नव्हती. ती थॉमस रीड या मेन राज्यातल्या अगडबंब सभापतीची कमाई. 1890पर्यंत अल्पसंख्य पक्षाकडे एक हुकमी हत्यार होते. सभागृहात हजर राहायचे, पण नाव पुकारले की तोंडात मिठाची गुळणी धरायची. म्हणजे गणपूर्ती होत नसे आणि काम ठप्प होई. 29 जानेवारी 1890 रोजी रीड यांनी गप्प बसलेल्यांची नावे वाचून दाखवली आणि ती हजेरीत धरायला कारकुनाला सांगितले. केंटकीचे मॅक्‌क्रीअरी उसळून म्हणाले, मला हजर धरण्याचा तुम्हाला अधिकार नाही. रीड यांनी थंडपणे विचारले, सन्माननीय सदस्य इथे हजर आहेत एवढेच मी सांगतो आहे, ते त्यांना नाकबूल आहे काय? त्या दिवशी विरोधकांचे हत्यार बोथट झाले. बहुमताला राज्य करता आले पाहिजे, हे रीड यांचे म्हणणे काही गैर नव्हते. मात्र बहुमताचा अर्थ हळूहळू सभापती असा झाला.

कॅनन यांच्या काळात हा अर्थ पुरता मुरला. समित्यांचे सदस्य आणि अध्यक्ष सभापती नेमत. कोणते विधेयक कोणत्या अटींवर चर्चेला घ्यायचे हे ठरवणारी नियम समिती पाच जणांची होती, आणि तिचे अध्यक्ष स्वतः सभापती. उरलेल्या चार जागांपैकी दोन त्यांच्या विश्वासातल्या रिपब्लिकनांच्या, दोन डेमोक्रॅटांच्या. सभागृहात बोलायला उठलेल्याला सभापतीने ‘ओळखले’ नाही तर तो उभा राहून राहून खाली बसे. थिओडोर रूझवेल्ट हे त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष, पण त्यांच्या कित्येक सुधारणा कॅनन यांच्या दारात अडकून पडल्या. कामगार संघटनांची विधेयके निघत नसत, जंगले राखण्यासाठी पैसा मागणाऱ्यांची डाळ शिजत नसे, आयातशुल्क कमी करा म्हणणाऱ्या मध्य-पश्चिमेच्या शेतकऱ्यांना कोणी विचारत नसे.

त्या मध्य-पश्चिमेतूनच रिपब्लिकन पक्षात बंडखोर उभे राहिले. नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस, कॅन्ससचे संपादक व्हिक्टर मर्डॉक, विस्कॉन्सिनचे जॉन नेल्सन आणि हेन्री कूपर, मिनेसोटाचे चार्ल्स लिंडबर्ग (अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिकाचे वडील). 1909 साली भरलेल्या काँग्रेसमध्ये रिपब्लिकन 219 आणि डेमोक्रॅट 172 होते. पंचवीसेक रिपब्लिकन फुटले तर कॅनन अल्पमतात जातील, हे गणित सर्वांना दिसत होते. प्रश्न विरोधकांचा होता. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात आपली 172 मते कोणाच्या पदरात टाकायची, आणि कशाच्या बदल्यात?

पहिले उत्तर अनपेक्षित आले. 15 मार्च 1909 रोजी नव्या काँग्रेसच्या पहिल्याच दिवशी डेमोक्रॅटांचे नेते चॅम्प क्लार्क यांनी बंडखोरांना धरून नियम बदलण्याचा घाट घातला. जुने नियम पुढे चालू ठेवण्याचा प्रस्ताव पडला आणि कॅनन संपले असे क्षणभर वाटले. एवढ्यात ब्रुकलिनचे डेमोक्रॅट जॉन फिट्झजेराल्ड उठले आणि त्यांनी सौम्य बदलांचा वेगळा ठराव मांडला. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल गटासह वीसेक डेमोक्रॅट त्यांच्यामागे गेले, निष्ठावंत रिपब्लिकनांनी तो उचलून धरला आणि कॅनन वाचले. सौदा झाला, टॅमनी विकली गेली, असा ओरडा झाला. क्लार्क संतापले.

फिट्झजेराल्ड यांच्या हेतूंबद्दल काहीही म्हणा, त्यांनी पदरात पाडून घेतलेला माल मात्र पक्का होता. दर बुधवारी समित्यांच्या विधेयकांचा क्रमाने पुकारा करण्याची नवी पद्धत त्यांनी सहजी मोडता येणार नाही अशी केली. विधेयक समितीकडे परत धाडण्याची अखेरची सूचना मांडण्याचा हक्क अल्पसंख्य पक्षाला मिळाला. हा हक्क अमेरिकेतला विरोधी पक्ष आजही वापरतो. सभापतीला वाचवणाऱ्या विरोधकांनी विरोधी पक्षासाठी काही टिकाऊ कमावले, हे त्या वेळच्या संतापात कोणाच्या लक्षात आले नाही.

कॅनन यांनी मग सूड घेतला. बंडात सामील झालेल्या कूपर यांचे समितीचे अध्यक्षपद गेले, न्यू जर्सीच्या फाउलर यांचे बँकिंग समितीचे गेले, मॅसॅच्युसेट्सच्या गार्डनर यांचेही गेले. धाक बसण्याऐवजी बंडखोर आणखी चिडले. जानेवारी 1910 मध्ये नॉरिस यांनी पहिला डाव मारला. सरकारी जमिनींच्या व्यवहारावरून अंतर्गत व्यवहार खाते आणि वनविभागाचे प्रमुख यांच्यात जुंपली होती आणि त्याची चौकशी करायला समिती नेमायची होती. तिचे सदस्य सभापती न नेमता सभागृहाने निवडावेत, अशी दुरुस्ती नॉरिस यांना आणायची होती. पण बोलायला वेळ मिळणे डाल्झेल यांच्या हातात. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डाल्झेल म्हणजे कॅनन यांचा उजवा हात. डाल्झेल रोज ठरल्या वेळी ‘पाय’ नावाचा पदार्थ आणि कॉफी घ्यायला बाहेर जातात, हे नॉरिस यांनी हेरून ठेवले होते. ते बाहेर पडताच नॉरिस यांनी त्यांच्या जागी बसलेल्याकडून दोन मिनिटे मागून घेतली. दुरुस्ती 149 विरुद्ध 146 मतांनी मंजूर झाली. तीन मतांनी का होईना, सभापतीच्या हातून नेमणूक निसटली.

नॉरिस यांच्या कोटाच्या खिशात आणखी एक कागद होता. नियम समितीवरून सभापतीला काढून ती सभागृहाने निवडावी, असा ठराव त्यावर लिहिलेला होता. तो मांडायची संधी कधी येईल याचा नेम नसल्याने ते तो बरोबर बाळगून असत. हाताळून हाताळून कागद फाटायला आला होता.

संधी आली ती कॅनन यांच्याच निकालातून. 16 मार्च 1910, बुधवार. म्हणजे फिट्झजेराल्ड यांनी राखून ठेवलेला वार. इंडियानाचे क्रम्पॅकर जनगणनेसंबंधीचे एक विधेयक मध्येच घुसवू पाहत होते. जनगणना घटनेने सांगितलेली आहे, तेव्हा तिच्याशी संबंधित विधेयकाला सर्वांआधी मान आहे, असा निकाल कॅनन यांनी दिला. सभागृहाने तो फिरवला. दुसऱ्या दिवशी क्रम्पॅकर पुन्हा आले आणि या खेपेस सभागृहाने घटनेचा आधार मान्य केला. नॉरिस ताडकन उठले. आपल्या कामकाजाचे नियम प्रत्येक सभागृह ठरवील, असेही घटनेत म्हटले आहे. मग नियम बदलण्याचा ठरावही घटनेनेच विशेषाधिकार दिलेला नव्हे काय? त्यांनी खिशातला कागद काढला.

डाल्झेल यांनी हरकतीचा मुद्दा घेतला. कॅनन पेचात पडले. नॉरिस यांच्या बाजूने निकाल द्यावा तर सत्ता जाते, विरुद्ध द्यावा तर आपलेच कालचे बोलणे गिळावे लागते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मते नाहीत. 17 मार्च हा आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकचा दिवस. कित्येक निष्ठावंत रिपब्लिकन शहरात मेजवान्यांना किंवा शहराबाहेर गेलेले. निकाल न देता कॅनन यांनी हरकतीवर चर्चा सुरू ठेवली. ती सव्वीस तास चालली. गैरहजर सदस्यांना पकडून आणायला सार्जंट-अ‍ॅट-आर्म्सची माणसे रात्री शहरभर फिरली. कोणी सोफ्यावर आडवे झाले, कोणी खुर्चीत पेंगले, आणि बोलणारे एकमेकांना दमवत बोलत राहिले. शुक्रवारी दुपारी कामकाज थांबले तेव्हा पडद्याआड तडजोडीच्या वाटाघाटी रंगल्या होत्या. निष्ठावंत बरेच काही द्यायला तयार होते. समिती मोठी करा, निवडणुकीने नेमा, हरकत नाही. फक्त सभापतीला तिच्यावर राहू द्या. बंडखोर नेमके त्याच एका गोष्टीवर अडून बसले.

मूळ ठरावात सदस्यांची निवड प्रदेशवार गटांतून व्हायची होती. डेमोक्रॅटांना ते नको होते, पक्षांनी आपापली माणसे द्यावीत अशी त्यांची इच्छा. नॉरिस यांनी ते ऐकले. नवा मसुदा ठरला: दहा सदस्य, सहा बहुमतवाल्यांचे, चार अल्पमतवाल्यांचे, सर्व सभागृहाने निवडलेले, आणि सभापतीला मज्जाव. मदतीची किंमत अशी मसुद्यातच लिहून घेतली गेली, तीही मतदानाआधी.

शनिवारी, 19 मार्चला, गॅलऱ्या खचाखच भरल्या. कॅनन यांनी अखेर निकाल दिला: हरकत मान्य, नॉरिस यांचा ठराव नियमबाह्य. सभागृहाने वीसेक मतांच्या फरकाने तो फिरवला. मग मूळ ठराव मतास पडला. बाजूने 191, विरुद्ध 156. त्या 191 मध्ये 149 डेमोक्रॅट आणि 42 रिपब्लिकन होते.

आता 73 वर्षांचा म्हातारा राजीनामा देईल, अशी सर्वांची अटकळ. कॅनन बोलायला उभे राहिले. या सभागृहात रिपब्लिकनांचे बहुमत उरलेले नाही हे उघड झाले आहे, असे ते म्हणाले. मग सभापतीपुढे दोन मार्ग राहतात. राजीनामा द्यायचा, किंवा ज्यांचे आता बहुमत आहे त्यांना नवा सभापती निवडू द्यायचा. राजीनामा मी देणार नाही, तो दुबळेपणाचा कबुलीजबाब ठरेल. पण खुर्ची रिकामी झाल्याचे जाहीर करण्याचा ठराव कोणी आणला तर मी तो स्वीकारीन. रिपब्लिकन बाकांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. टेक्ससचे डेमोक्रॅट अल्बर्ट बर्लसन यांनी लगोलग तसा ठराव दिला.

चाल अस्सल जुगाऱ्याची होती. कॅनन यांनी बंडखोरांना एका क्षणात कोपऱ्यात गाठले. सभापतीची सत्ता कमी करा, असे मतदारांना सांगून घरी जाता येत होते. डेमोक्रॅटांच्या मतांनी आपल्याच पक्षाचा सभापती पाडला, हे सांगून जाता येत नव्हते. शिवाय त्यानंतर सभापती निवडायचा कोण? बेचाळीस जण स्वतःचा माणूस निवडून आणू शकत नव्हते. एक तर निष्ठावंतांचा दुसरा कोणी येणार, नाही तर चॅम्प क्लार्क. नॉरिस यांनी आमचे भांडण पद्धतीशी आहे, व्यक्तीशी नाही, ही भूमिका घेतली आणि कॅनन यांच्या बाजूने मत दिले. मोजके बंडखोर सोडून बाकीचे त्यांच्याबरोबर गेले. खुर्ची रिकामी करण्याच्या बाजूने 155, विरुद्ध 192. तासाभरापूर्वी ज्याची सत्ता काढून घेतली, त्याच्याच नावाने रिपब्लिकन जयजयकार करत होते.

डेमोक्रॅटांनी ठरावाला पाठिंबा दिला तो मनापासून की तोंडदेखला? राजकीयदृष्ट्या त्यांच्या दोन्ही हातांत लाडू होते. ठराव मंजूर झाला असता तर रिपब्लिकनांची शकले झाली असती. पडला तर कॅनन खुर्चीत राहणार, म्हणजे निवडणुकीत झोडपायला समोर बुजगावणे तयार. कॅनन गेले असते आणि त्यांच्या जागी एखादा सौम्य, हसतमुख रिपब्लिकन आला असता, तर नोव्हेंबरातल्या निवडणुकीत डेमोक्रॅटांना गाऱ्हाणे सांगायला तितकी जागा उरली नसती. झाले ते असे की ‘कॅननशाही’ हा प्रचाराचा मुद्दा बनला, आणि सोळा वर्षांनंतर प्रथमच डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृह जिंकले. 1911 साली क्लार्क सभापती झाले. कॅनन 1912 साली स्वतःच्या मतदारसंघात पडले, 1914 साली पुन्हा निवडून आले आणि 1923 साली सन्मानाने निवृत्त झाले. त्या मार्चमध्ये निघालेल्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचेच चित्र होते.

नियम समितीचे काय झाले? नव्या समितीवर रिपब्लिकनांनी निष्ठावंतच निवडून दिले आणि अध्यक्ष कोण, तर डाल्झेल. बंडखोरांच्या विजयाची लगेचची फळे एवढीच. लांबचा परिणाम मात्र मोठा झाला. सभापतीच्या हातून निसटलेली सत्ता प्रथम पक्षाच्या बैठकांकडे आणि नंतर ज्येष्ठतेने बसलेल्या समिती-अध्यक्षांकडे गेली. त्यांत दक्षिणेकडचे, वर्षानुवर्षे बिनधोक निवडून येणारे डेमोक्रॅट भरलेले. 1955पासून नियम समितीचे अध्यक्ष असलेले व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची विधेयके दाबून बसत. तेव्हा सभापती सॅम रेबर्न यांना ही समिती 12 वरून 15 सदस्यांची करायला 1961 साली जिवाचे रान करावे लागले. 217 विरुद्ध 212, एवढ्याने जमले. एका हुकूमशहाला हटवताना नॉरिस यांनी पुढच्या अनेक छोट्या संस्थानिकांची सोय केली, असा आरोप झाला तर तो अगदी निराधार नाही. पण 1910 साली त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हेही आरोप करणाऱ्याने सांगायला हवे.

बर्लसन यांच्या ठरावाने जे साधले नाही ते साधायला 113 वर्षे लागली. जानेवारी 2023 मध्ये केव्हिन मॅकार्थी पंधराव्या फेरीत कसेबसे सभापती झाले, तेही एकट्या सदस्यालासुद्धा सभापतीला हटवण्याचा ठराव आणता येईल, अशी सवलत आपल्या पक्षातल्या कडव्यांना देऊन. 3 ऑक्टोबरला मॅट गेट्झ यांनी ती वापरली. आठ रिपब्लिकन फुटले आणि 208 डेमोक्रॅटांनी ठरावाच्या बाजूने मते दिली. 216 विरुद्ध 210. इतिहासात पहिल्यांदा सभापती पदच्युत झाला. तीनच दिवस आधी मॅकार्थी यांनी डेमोक्रॅटांच्याच मतांनी सरकारचा खर्च बंद पडू दिला नव्हता. पण तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या महाभियोगाची चौकशीही त्यांनीच सुरू केली होती, आणि वाचवण्याच्या बदल्यात काही द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यामुळे डेमोक्रॅटांचे नेते हकीम जेफ्रीज यांच्या पक्षाने त्यांना वाचवायला हात पुढे केला नाही. तीन आठवडे सभागृहाला सभापती नव्हता. शेवटी आले ते मॅकार्थींहूनही कडवे माइक जॉन्सन. डेमोक्रॅटांच्या हाती नियमातला बदल आला नाही, समितीतली जागाही आली नाही.

पुढच्या वर्षी ते वेगळे वागले. एप्रिल 2024 मध्ये जॉन्सन यांनी स्वतःच्या पक्षातल्या बहुसंख्यांचा विरोध पत्करून युक्रेनच्या मदतीचे विधेयक मतास टाकले, आणि ते 311 विरुद्ध 112 मतांनी मंजूर झाले. 8 मे रोजी मार्जरी टेलर ग्रीन यांनी त्यांना हटवण्याचा ठराव आणला, तेव्हा 163 डेमोक्रॅटांनी तो बासनात गुंडाळायला मदत केली. 359 विरुद्ध 43. माल आधी हाती आला आणि मते नंतर दिली गेली. 1910 सालच्या मसुद्यातही क्रम हाच होता.

जानेवारी 2025 मध्ये रिपब्लिकनांनी नियम पुन्हा बदलला. सभापतीला हटवण्याच्या ठरावाला विशेषाधिकार मिळायचा तर तो आता बहुमतवाल्या पक्षाच्याच सदस्याने आणला पाहिजे आणि त्यावर त्याच पक्षाच्या आणखी आठ जणांच्या सह्या पाहिजेत. विरोधी बाकावरच्या एखाद्या बर्लसनला उठून असा ठराव देण्याची वाट त्यामुळे बंद झाली. ठराव पक्षातूनच आला तर त्यावर मत द्यायला मात्र विरोधक मोकळे आहेत.